नाव कोरलेली पदकं आणि बिननावाचा गरुड



दिवाळीची साफसफाई निम्मी राहिली आहे आणि मी लिहायला बसले आहे, कारण हा विषय आठवडाभर डोक्यातून जात नाही. ऐकून हसाल. जर्मन विमानदलाचा बिल्ला. दुसऱ्या महायुद्धातला. मांजर्लीत, आमच्या शेजारच्या वहिनींच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत.

वहिनींचे आजेसासरे फौजेत होते, मराठा पलटणीत. गाव महाडकडचं. १९४१ साली भरती झाले, इटलीत लढले, परत आले, शेती केली आणि १९८६ मध्ये गेले. लढाईबद्दल घरात कधी काही बोलले नाहीत म्हणे. विचारलं तर एवढंच सांगायचे, "तिथं थंडी फार." त्यांची ट्रंक गावाहून बदलापूरला आली, २००५ च्या पुरात तिच्यात पाणी शिरलं, मग ती माळ्यावर गेली ती गेलीच. यंदा वहिनींनी उतरवली. आत एक लोकरी मफलर, काही कागदांचा लगदा, चार पदकं, आणि एका रुमालात गुंडाळलेला हा बिल्ला. अंडाकृती पानांचं कडं, त्यावर पंख पसरलेला गरुड आणि गरुडाच्या पायांत स्वस्तिक.

वहिनींचे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांनी हा बिल्ला पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. नातवंडांना ते वर्षानुवर्षं सांगत आले होते, की माझ्या बाबांनी जर्मन विमानवाल्याला पकडलं आणि त्याच्या छातीवरचा गरुड काढून आणला. आता तो गरुडच हातात.

मग वहिनींच्या दिरांनी ठाण्याच्या एका जुन्या वस्तू घेणाऱ्याला बोलावलं. त्याने खिशातून चुंबक काढलं, बिल्ल्याला लावून दाखवलं, चिकटला नाही. म्हणाला, "ओरिजिनल आहे. मागे कंपनीचा छाप पण आहे. ऐंशी हजार मिळवून देतो. फक्त सर्टिफिकेट करावं लागेल, त्याचे आठ हजार आधी." आणि पदकं? "ती लूज आहेत, चांदीची पण नाहीत. चारांचे दीड हजार देतो, तेवढे सर्टिफिकेटमधून वजा करा." व्यवहार जवळजवळ ठरला होता. वहिनी माझ्याकडे आल्या त्या पितांबरी मागायला, पदकं देण्याआधी चकचकीत करून द्यावीत म्हणून.

मी पितांबरी दिली नाही. माझ्या घरात एक नमुना आहे, त्याच्यामुळे मला एवढं तरी माहीत होतं की जुन्या धातूला घासायचं नसतं.

तो नमुना म्हणजे माझा थोरला. पाचवीपासून नाण्यांचा नाद. शिवराई, होळकरांचे पैसे असं जमवता जमवता कॉलेजात गेल्यावर गाडी महायुद्धाच्या बिल्ल्यांवर आली. मागच्या वर्षी सोळा हजार साठवून त्याला जर्मन वैमानिकाचा बिल्ला मागवायचा होता. मी ओरडले नाही. म्हटलं, सहा महिने नुसता अभ्यास कर, मग घे. सहा महिन्यांनी त्याने घेतला नाही. का, ते पुढे येईलच.

तर त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर वहिनी, त्यांचे दीर, आबा, मी आणि मध्ये तो बिल्ला. मुलाने आधी चुंबकाचा विषय संपवला. खरे बिल्ले सुरुवातीला निकेल सिल्व्हर म्हणजे जर्मन सिल्व्हर किंवा तांब्याच्या मिश्रधातूचे असत, काही ॲल्युमिनियमचे. युद्ध लांबलं तसं तांबं आणि निकेल दारूगोळ्याला हवं झालं आणि बिल्ले जस्ताचे झाले. यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. आणि नकली बिल्लेही बहुतेक जस्ताच्याच मिश्रणाचे, तेही चिकटत नाहीत. म्हणजे त्या माणसाने जे दाखवलं त्यातून काही सिद्धच होत नाही. पिन लोखंडी असेल तर तेवढी चिकटेल.

छापाचंही तसंच. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात हे बिल्ले अनेक कारखाने करायचे. बर्लिनचा युंकर, ल्युडेनशाइटचा आसमान, व्हिएन्नाचा ब्रूडर श्नायडर. प्रत्येकाच्या साच्यातली पानं, पिसं, मागची पिन वेगवेगळी. अभ्यास करणारे लोक छाप सगळ्यात शेवटी बघतात, कारण छाप मारायला एक ठसा पुरतो. आधी ते बघतात, की हा छाप असलेल्या कारखान्याचा गरुड असाच दिसायचा का, पिन अशीच असायची का.

मग त्याने बिल्ला आडवा धरला आणि सगळ्यांना कडेने बघायला लावलं. जर्मन वैमानिकाच्या खऱ्या धातूच्या बिल्ल्यात कडं वेगळं आणि गरुड वेगळा असतो. गरुड वर ठेवून मागून दोन रिव्हेटांनी पक्का केलेला. कडेने पाहिलं की मध्ये फट दिसते, पंखांखालून उजेड येतो. यात फट नव्हती. मागे दोन टेंगळं होती, पण ती रिव्हेट नव्हती, एकसंध ओतकामातलेच फुगवटे. भिंगातून पाहिलं तर पिसांच्या रेघा विरघळलेल्या, साबणाच्या वडीवर जशा नक्षी पुसट होते तशा. आणि पानांच्या मधल्या जागेत बारीक बारीक खड्डे. खऱ्यावरून साचा घेऊन ओतलं की असं होतं, धातू थंड होताना आकसतो म्हणून मापही किंचित लहान भरतं.

मी हे सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्यापैकी कुणाच्या घरात असं काही निघालं तर चुंबक दाखवणाऱ्याला तुम्हीही दोन प्रश्न विचारावेत.

दिरांनी विचारलं, मग सगळेच नकली असे सहज ओळखू येतात का? नाही, आणि माझ्या मुलाने बिल्ला का घेतला नाही त्याचं उत्तर इथे आहे. ओतलेली नक्कल पकडता येते. पण युद्ध संपल्यावर काही जुन्या पेढ्यांनी जुन्याच पद्धतीने पुन्हा माल काढला. व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूवाल या पेढीचं नाव त्यात नेहमी येतं. आपल्याला हे नाव माहीत असायला हवं, कारण नेताजींनी १९४२ मध्ये जर्मनीत असताना आझाद हिंदची जी पदकं सुरू केली, शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत, ती याच पेढीने बनवली. युद्धानंतर तीही पुन्हा निघाली, त्यांच्याही नकला झाल्या. आज "नेताजींचं ओरिजिनल मेडल" म्हणून जे दाखवतात, त्यातलं कितपत १९४५ च्या आधीचं, हा प्रश्न पहिला विचारायचा. हा घोळ एवढ्यावर थांबत नाही. पश्चिम जर्मनीने १९५७ मध्ये कायदा करून जुन्या सैनिकांना आपली पदकं स्वस्तिक काढून लावायची परवानगी दिली. तशी बिनस्वस्तिकाची पदकं तेव्हा अधिकृतपणे तयार झाली, जुन्याच काही कारखान्यांत. म्हणजे कारखाना खरा, माल खरा, फक्त युद्धानंतरचा. पोरगा म्हणाला, "आई, मला सहा महिन्यांत एवढंच कळलं की मला अजून कळत नाही." सोळा हजार वाचले म्हणून नाही, पण हे वाक्य ऐकून मला बरं वाटलं.

आता स्वस्तिकाबद्दल. आपल्याला उंबऱ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, देवापुढे स्वस्तिक बघायची सवय. मंदिरात तांदळाचं स्वस्तिक काढताना चार बाजू म्हणजे चार गती, वर तीन ठिपके रत्नत्रयाचे, त्यावर सिद्धशिला, हे आपण लहानपणी शिकलो. सुपार्श्वनाथ भगवानांचं लांछनच ते. त्यामुळे वहिनींच्या सासूबाईंनी, माईंनी, बिल्ला पाहून सहज नमस्कार केला तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. पण त्या गरुडाच्या पायातलं ते चिन्ह घेऊन काय काय केलं गेलं तेही आपण शाळेत शिकलो आहोत. जर्मनीत आज ते सार्वजनिक ठिकाणी दाखवणं फौजदारी गुन्हा आहे. तिथले विक्रेतेसुद्धा बिल्ल्याचा फोटो टाकताना तेवढा भाग झाकतात. माझ्या मुलाला गरुडाचे पंख आवडले होते, त्याखालचं काही नाही, हे मी मान्य करते. वीस वर्षांच्या मुलाला आकार आवडतो. पण घरात ती वस्तू कपाटात मांडायची म्हटली तर माझं मन घेत नाही, आणि "आपलंच तर स्वस्तिक आहे" ही पळवाट मला चालणार नाही. आपलं असेल तर जास्तच जपून वापरायला हवं.

मुलाचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, जमवणारे नसते तर हे सगळं वितळलं असतं आणि खरं-खोटं सांगणारं कुणी उरलंच नसतं. यातलं अर्धं मला पटतं. शिकणाऱ्यांनी शिकावं, संग्रहालयांनी ठेवावं. पण सामान्य घरातल्या पैशाने अशा वस्तू घ्यायला लागलो की आपण नक्कल करणाऱ्याचाच धंदा वाढवतो. शेकडो युरो किंमत मिळते म्हणून तर तो साचा करतो.

अस्तेय व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यात चोरीचा माल घेणं आहे, खोटी वजनं-मापं आहेत, आणि प्रतिरूपक व्यवहारही आहे. खऱ्यात खोटं मिसळून खऱ्याच्या भावाने विकणं. पूर्वी मी हे वाचताना तुपात डालडा एवढंच डोळ्यांपुढे यायचं. नक्कल बनवणं हा दोष नाही. सिनेमावाल्यांना बिल्ले लागतातच, तिथे कुणी "कॉपी आहे" म्हणून विकत असेल तर त्याचा व्यवहार स्वच्छ आहे. आपल्या बाजूच्या उल्हासनगरवर "मेड इन यूएसए"चा विनोद किती वर्षं चालला आहे. मला तो कधीच आवडला नाही. फाळणीनंतर युद्धकाळातल्या कल्याण कॅम्पच्या रिकाम्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी हातात येईल ते बनवून पोट भरलं, आणि गिऱ्हाईकालाही बहुतेक वेळा माहीत असायचं तो काय घेतोय. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी बघून आठ हजारांचं सर्टिफिकेट सांगणं ही निराळी गोष्ट आहे.

हां, त्या म्हाताऱ्या माणसाकडे येते. मुलाने बिल्ला खाली ठेवला तेव्हा कुणी काही बोलेना. आबांचा चेहरा बघवत नव्हता. बिल्ला खोटा म्हणजे बाबा खोटे, असंच त्यांना वाटलं असणार. मी काहीतरी सांभाळून घ्यायला म्हणाले, "वैमानिकाचा बिल्ला पायदळाच्या सैनिकाला मिळणं कठीणच असतं, आबा." तर मुलाने, बिचाऱ्याने, खरं तेच सांगितलं, की कठीण आहे पण अशक्य नाही. जर्मनांचं पॅराशूट सैन्य विमानदलातच मोडायचं आणि १९४३ च्या हिवाळ्यात आठवी भारतीय डिव्हिजन, जिच्यात मराठा पलटण होती, इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर याच पॅराशूटवाल्यांशी लढली. तेव्हा विमानदलाचा बिल्ला एखाद्या मराठा जवानाच्या हाती लागूच शकतो. फक्त हा तो नाही.

तेवढ्यात आतून माई आल्या. आम्ही एवढा वेळ टेबलाभोवती डोकी घालून बसलो होतो आणि त्या दिवाणावर वाती वळत होत्या, त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. बिल्ला बघून म्हणाल्या, "हा तर भाऊजींनी आणलेला. चोरबाजारातून. मामंजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी. जुनं घड्याळ घ्यायला गेले होते, दुकानदाराने वर हा फुकट दिला. मीच ट्रंकेत टाकला, मुलं गिळतील म्हणून."

आबा म्हणाले, "मग आजवर बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलं कधी? तुम्ही मुलांना गोष्ट सांगायचा, मला वाटलं गोष्टच आहे."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. भिंग, वजनकाटा, व्हर्नियर, सगळं टेबलावर, आणि वस्तू घरात कशी आली हे जिला माहीत होतं ती दहा फुटांवर. जमवणाऱ्या लोकांमध्ये म्हणे एक नियम आहे, वस्तू विकत घ्या, गोष्ट विकत घेऊ नका. घरात तरी मी तो उलटा करीन. आधी गोष्ट विचारा, आणि ती घरातल्या म्हातारीला विचारा. सर्टिफिकेट नंतर.

आबा दोन दिवस खाली कट्ट्यावर आले नाहीत.

त्या रात्री मुलाने पदकं हातात घेतली तेव्हा सगळे उठून जायच्या बेतात होते. दोन सहा टोकांचे तारे, दोन गोल. तारे तांबं-जस्ताच्या मिश्रणाचे, गोल पदकं तांबं-निकेलची. चांदी नाही, हे त्या माणसाने खरं सांगितलं होतं. एक १९३९-४५ चा तारा, एक इटलीचा तारा, एक वॉर मेडल, त्याच्या मागे राक्षसी प्राण्यावर उभा सिंह, आणि एक इंडिया सर्व्हिस मेडल, त्याच्या मागे अखंड हिंदुस्थानचा नकाशा. इटलीच्या ताऱ्याची फीत लाल-पांढरी-हिरवी असते, इथे पुराच्या पाण्याने तिचा चिखलाच्या रंगाचा धागा उरला होता.

मुलाने इटलीचा तारा उलटा केला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या अशा पदकांवर नाव नसे. भारतीय सैनिकांना दिलेल्यांवर ते ठोकलेलं असे. ताऱ्याच्या मागच्या सपाट बाजूवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, इंग्रजी अक्षरांत. नावाचं स्पेलिंग कुण्या कारकुनाने केलेलं, आडनावात एक अक्षर जास्त. मराठा शब्दही त्या काळच्या वळणाचा, मध्ये एक जादा एच घातलेला. गोल पदकांवर तेच नाव कडेला फिरवलेलं. चारही पदकांवर तोच नंबर.

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चार वेळा वाचलं. ऑर्डनन्समध्ये आयुष्य गेलेल्या माणसाने नंतर अंगठ्याने अक्षरांची खोली चाचपून पाहिली. वडिलांचं नाव पदकावर आहे हे त्यांना सत्त्याहत्तराव्या वर्षी कळलं. आणि हीच चार पदकं दीड हजारांत, सर्टिफिकेटमधून वजा, जायला निघाली होती.

मला या सगळ्यातला राग येतो तो इथे. रायगडातल्या पळसगावचे नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि बावीसाव्या वर्षी गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघडीचं स्मारक २०२३ मध्ये उभं केलं. माणगावात त्यांचा पुतळा आहे, पण आपल्यातल्या किती जणींनी मुंबई-गोवा रस्त्याने जाताना गाडी थांबवून तो पाहिला? मीही नाही. त्यांच्याबरोबर त्याच डोंगरांत चाललेले इतर शेकडो शिपाई कोकणातल्या, साताऱ्यातल्या गावांत परतले आणि त्यांचे तारे भंगारवाल्याच्या तराजूत गेले किंवा पोरांच्या खेळण्यात हरवले. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल तर खऱ्या चांदीचं असायचं, सोनाराने ते वितळवलं की नाव गेलं. जे उरलं आहे ते शंभर वर्षांच्या वरचं झालं आहे, म्हणजे आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसतं, आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. ताऱ्यांना अजून ते संरक्षण नाही. त्यांचं रक्षण घरातल्यांनीच करायचं.

म्हणून माझं मत सरळ आहे. बिननावाचा परक्या देशाचा गरुड घरात आणू नका, आणि नाव असलेला आपला तारा घराबाहेर जाऊ देऊ नका. अपरिग्रह म्हणून सगळंच काढून टाकावं असं मला कुणीतरी लिहील याची खात्री आहे. जुन्या साड्या, जास्तीची भांडी, न वापरलेले डिनरसेट काढा, मी पण काढते आहे. पण ज्या वस्तूची मालकी आपली नाही, फक्त सांभाळ आपल्याकडे आहे, ती विकून परिग्रह कमी होत नाही.

तुमच्याकडे अशी पदकं असतील तर एवढं करा. घासू नका, पितांबरी नाही, चिंच नाही, लिंबू नाही. कोरड्या मऊ सुती कपड्याने धूळ टिपा आणि मागचं आणि कडेचं वाचा. अक्षरं पुसट असतील तर टॉर्च तिरपा धरून वाचा, समोरून उजेड टाकला तर दिसत नाहीत. नंबर वहीत उतरवा. फीत कुजली असली तरी टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आपल्या बदलापूरच्या पावसाळ्यात आत घाम सुटतो.

तिसऱ्या दिवशी आबा आमच्याकडे आले, कागद घेऊन. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचं होतं, बाबांच्या नोकरीची माहिती मिळेल का म्हणून. मजकूर माझ्या मुलाने इंग्रजीत केला. आडनावाचं स्पेलिंग आबांनी पदकावरचंच ठेवायला सांगितलं, जास्तीच्या अक्षरासकट, कारण त्या दप्तरात ते तसंच असणार.

ठाण्याच्या माणसाचा फोन शनिवारी आला होता. माईंनी उचलला. बिल्ला हवा असेल तर फुकट न्या म्हणाल्या, घड्याळावर फुकटच आला होता. तो अजून आलेला नाही.